रेघेच्या अलीकडं

पैज लागली ती बालूशाहीच्या डब्यापायी.

बारा वर्षं झाली असतील. कारंजात गादीवाल्या सादिकभाईच्या दुकानापुढं डबा उघडा ठेवला होता, कारण त्याचा पोरगा मुबश्शिर विदर्भाच्या रणजी टीममध्ये निवडला गेलता. गल्लीतला जो येई तो एक बालूशाही उचले अन् पोराले दुवा देऊन जाये. समोरच्या मंडपवाल्या पुंजाजीनं दोन उचलल्या अन् दुव्याच्या जागी काडी टाकली.

"सादिकभाई, पोरगा वाघ हाये, त्यात वाद नाई. पन तिथं खरा अंपायर राह्यते. आपल्या गल्लीत मी होतो म्हनून निभलं."

"निभलं?" दुकानातून सरवरीभाभीचा आवाज आला. सादिकभाईची बायको, खोळ शिवत बसली होती. "पुंजाभाऊ, मुब्बू आठ वर्षाचा होता तवा तुमी त्याले दिवसाचे दहा नो-बॉल देत होते. त्यातला एकबी खरा नव्हता."

"एखांदा त असंन, भाभी."

"एकबी नाई."

ते खरंच होतं अन् पुंजाजीले पक्कं ठाऊक होतं. मंडप अन् लाऊडस्पीकर हे त्याचं पोटापाण्याचं काम, पण गल्लीतली अंपायरकी हा त्याचा खरा धंदा. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, खांद्यावर मांडवाचा बांबू, अन् एखादी टीम जिंकायले आली रे आली की याचा हात आडवा. पोरं बोंबलत, हा हसे. मुबश्शिर मात्र बोंबलत नसे. तो रेघेपाशी उकिडवा बसे, पायाचा ठसा पाहे अन् म्हणे, "काका, ठसा अलीकडं हाये." बस, एवढंच. मंग पुढचा बॉल टाकायले जाये. तेच पुंजाजीले झोंबे.

"मंग लावता का पैज?" पुंजाजी म्हणाला. "मोठ्या मैदानात हजार डोये पायावर राह्यते. तुमचा मुब्बू एक तरी नो-बॉल टाकीन."

"अन् खेळ सोडेलोक नाई टाकला त?"

"त तुमी सांगान ते करीन."

सरवरीभाभीनं दातानं दोरा तोडला. तिले विचार करायले तेवढाच वेळ लागे. "त अंपायरचा पांढरा कोट घालून दिवसभर यस्टी स्टँडवर उभं राहायचं. ज्या गाडीचं चाक फलाटाची रेघ ओलांडीन तिले हात आडवा करून नो-बॉल द्यायचा. खरा. एकबी खोटा चालनार नाई."

सारी गल्ली हसली. कारंजाच्या स्टँडवर रेघेच्या अलीकडं गाडी थांबवणारा डायव्हर तवापर्यंत कोणी पाह्यला नव्हता.

"अन् तुमी हारल्या त?" पुंजाजीनं विचारलं. "माया लाऊडस्पीकरवर मले तीन वेळा उस्ताद म्हनायचं."

"कबूल."

कापसाचा अडत्या दौलतसिंग तिथंच बालूशाही खात उभा होता. तो म्हणाला, "लिहून घ्या. हा मानूस उद्या म्हनीन, मी त गमतीनं बोललो."

सादिकभाईनं खोळीच्या कापडाचा हातभर तुकडा काढला, खोळीवर गिऱ्हाइकाचं नाव टाकायच्या निळ्या शाईनं अटी लिहिल्या, तारीख टाकली. पुंजाजीनं सही केली, भाभीनं केली, साक्षीदार म्हणून दौलतसिंगनं केली. मंग सादिकभाईनं तो तुकडा समोर भरत असलेल्या लोडात कापसाच्या मधात खुपसला अन् लोडाचं तोंड शिवून टाकलं.

"आता हे पैज लोड फाडल्याबिगर कोनाले फाडता येत नाई," तो म्हणाला.

तो लोड दुकानात तसाच राह्यला. गिऱ्हाईक त्याले टेकून भाव करत.

आता मुबश्शिरचा पाय रेघेच्या पुढं काहून जात नसे, हे गल्लीले ठाऊक होतं, नागपूरले नव्हतं.

सादिकभाईच्या दुकानापुढं रोज सकाळी कापसाले ऊन दाखवत. ताडपत्री आडवी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तिच्यावर पिंजलेला कापूस. येणारे-जाणारे ओट्यावरून जात. पोराईले खेळायले तेवढीच गल्ली. मंग बॉलर ताडपत्रीच्या अलीकडून पळत ये, अन् बॉल कापसावरून उडून पलीकडं टप्पा घे. पाय पुढं पडला की कापसात. अन् कापसात पाय पडला की सादिकभाई मारत नसे, ओरडत नसे. ताडपत्रीपाशी येऊन एकच वाक्य बोले:

"याच्यावर उद्या कोनीतरी डोकं टेकनार हाये. तिथं पाय द्यायचा नसते."

त्या दिवशीचा खेळ बंद. त्या घराण्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. दुकानात कापसाच्या ढिगाभोवती म्हातारं माणूसही वळसा घालून जाये.

त्याच्यापायी मुबश्शिरची बॉल टाकायची तऱ्हाच निराळी झाली. डावखुरा फिरकीवाला. चार पावलं चालत यायचा, पाय टेकवायचा अन् बॉल सुटला की यस्टीनं ब्रेक दाबावा तसा जागीच थांबायचा. पुढं झोक गेलाच त टुणकन बाजूच्या ओट्यावर उडी. रणजीच्या मैदानात ओटा कुठला? पण उडी गेली नाही. बॉल सुटला की गडी बाजूले उडे. पहिल्या वर्षी कोचनं ते मोडायचा लय प्रयत्न केला, मंग सोडून दिलं. अंपायर त खुश होते. पिचच्या मधात पाय न देणारा बॉलर त्याईले रोज कुठं भेटते?

लोकाईले वाटते, क्रिकेट म्हणजे टीव्ही, फटाके अन् गाड्या. मुबश्शिरचं क्रिकेट म्हणजे हरयाणातली थंडी, सकाळी बॉल हातात धरला की बोटं लाकूड. रिकामं स्टेडियम, एवढं रिकामं की दूर फिल्डर खोकलला त बॅट्समनले ऐकू ये. चार दिवस खेळायचं, पाचव्या दिवशी पोतं भरल्यावाणी किट भरायचं अन् दुसऱ्या गावाले. ऑक्टोबरले घर सोडलं की होळीच्या आसपास घर. पहिल्या तीन मॅचमध्ये त्याले दोनच विकेट भेटल्या अन् टीमनं बाहेर बसवलं. दोन वर्षं बाहेर. त्या दोन वर्षात तो दुपारी दुकानात गाद्या भरे अन् सकाळी शाळेच्या मैदानावर एक स्टंप गाडून दोनशे बॉल टाके. स्टंपाच्या मागं कोणी नाही. बॉल आणायले सोताच जायचं, आणायचा, परत टाकायचा. पुंजाजी मांडवाचं सामान घेऊन जाता जाता टेम्पो थांबवून पाहे. वरून म्हणे, "कोनाले आउट करून राह्यला बे, वाऱ्याले?" अन् मनातल्या मनात बॉल मोजे. दोनशेच्या खाली कधी नाही.

तिसऱ्या वर्षी परत घेतलं, अन् मंग त्याले कोणी काढू शकलं नाही. सूरतच्या पाटा पिचवर, जिथं भल्याभल्याईनं बॉल कपाळाले लावून टाकून दिला, तिथं यानं एका डावात सत्तावन ओव्हर टाकल्या. विकेट तीन. पेपरात दुसऱ्या बॉलरचं नाव आलं, पाच विकेटवाल्याचं. पण तो पाच विकेटवाला सोता म्हणाला होता की या टोकाले मुबश्शिर दिवसभर नळ बंद करून बसला होता, म्हणून त्या टोकाले लोकं तहानेनं मेले. एकदा देशाच्या दुसऱ्या फळीच्या टीममध्ये राखीव म्हणून बोलावणं आलं. चार दिवस खेळायले भेटलं नाही. घरी आला तवा पुंजाजीनं मुद्दाम चारचौघात विचारलं, "काय केलं तिथं, मुब्बू?"

"पानी पाजलं, काका."

"कसं पाजलं?"

"वेळेवर."

पुंजाजी टोमण्याबिगर घरी गेला. असं लय कमी वेळा होई.

बारा सीझनमध्ये एक्क्याऐंशी मॅच, तीनशेच्या वर विकेट, अन् नो-बॉल एकबी नाही. पुंजाजी दर गणपतीत, दर लग्नात माईक लावला की पहिले म्हणे, "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग, मुबश्शिरचा नो-बॉल झिरो." वऱ्हाडी मंडळी एकामेकाच्या तोंडाकडं पाहे.

असा तसा हारणारा मात्र पुंजाजी नव्हता. एका ईदले त्यानं मुबश्शिरले बुटाचा जोड दिला. भारी कंपनीचा, पण मुद्दाम एक नंबर मोठा. पाय बुटात सरकीन अन् बूट रेघेच्या पुढं जाईन, हा त्याचा हिशोब. मुबश्शिरनं बूट पायात घातला, अंगठा हलवून पाह्यला, काकाच्या तोंडाकडं पाह्यलं अन् समजून गेला. दुकानातून चिमूटभर कापूस घेतला, बुटाच्या टोकात भरला. पूर्ण सीझन त्याच बुटानं खेळला. त्या वर्षी एकेचाळीस विकेट पडल्या. परत आला तवा म्हणे, "काका, पुढच्या वर्षीबी हाच नंबर आना."

पुंजाजी त्या दिवशी घरी जाऊन एकटाच हसत बसला. बायको पंचफुला म्हणाली, "हारून राह्यले तरी हसू येऊन राह्यलं?" तो म्हणाला, "अवं, हारायलेबी मानूस तसा लागते."

मंग औंदा मुबश्शिरनं सांगून टाकलं की आता चौतीस झाले, खांदा बोलून राह्यला, हा सीझन शेवटचा. शेवटची मॅच नागपूरलेच, चार दिवसांची. सादिकभाईनं दुकान बंद ठेवून मॅच पाहायचं ठरवलं, जे त्यानं आजपर्यंत कधी केलं नव्हतं. पोराले चार दिवस डोळ्यानं खेळताना पाहायची त्या माणसाची एवढी एकच इच्छा होती.

अन् इथं पुंजाजीनं घाण केली.

मॅचच्या पाच दिवस आधी त्यानं मोबाइलवर रील काढली. मागं मांडव, हातात माईक, चेहरा एकदम गंभीर. "राजेहो, बारा वर्षं थांबलो. या मॅचमध्ये मुबश्शिर नो-बॉल टाकनार म्हंजे टाकनार. आपली सेटिंग झाली हाये." अन् शेवटी डोळा मारला.

गल्लीतले पोट धरधरून हसले. कारण गल्लीले पैज ठाऊक, पुंजाजी ठाऊक. पण मोबाइलले गल्ली कुठं ठाऊक असते? दुपारपर्यंत रील अकोल्यात, संध्याकाळी नागपुरात. दुसऱ्या दिवशी क्रिकेटच्या मोठ्या ऑफिसातून मुबश्शिरले बोलावणं. जो साहेब सट्टेबाजीवर नजर ठेवते, त्याच्यापुढं उभं केलं. मोबाइल जमा करून घेतला. चौकशी होईलोक मैदानात पाय ठेवायचा नाही.

ठरवून टाकलेल्या नो-बॉलवर शहरात किती पैसा लागते ते पुंजाजीले ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते शहरात. आपल्या गल्लीतली गंमत तिथं जाऊन सट्ट्याच्या कपड्यात उभी राहीन, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

मुबश्शिरनं हॉटेलच्या फोनवरून घरी फोन लावला. सरवरीभाभीनं स्पीकर चालू केला तवा पुंजाजी ओट्याखाली उभा होता, मान खाली.

"अम्मी, पुंजाकाकाले सांग, रील डिलीट करू नका म्हना. डिलीट केली त वाटीन, लपवून राह्यले."

"अजून काही सांगू का त्याईले?" भाभीनं विचारलं.

"नाई. जेवले का विचार."

शिवी दिली असती त पुंजाजीनं झेलली असती. शिव्या झेलायची त्याले सवय होती. 'जेवले का' हे झेलता आलं नाही. तो घरी गेला अन् मांडवाच्या दोऱ्या गुंडाळत बसला. गुंडाळलेल्याच दोऱ्या सोडून परत गुंडाळू लागला.

पंचफुला दारात उभी राह्यली. "हसवायच्या टायमाले कोनाले विचारलं होतं का?"

"नाई."

"मंग निस्तरायलेबी कोनाले विचारू नका. उद्या पहिल्या गाडीनं जा."

"जाऊन काय सांगू? म्हनीन, साहेब, मी गंमत केली? चोरबी तेच म्हनते."

"गमतीचा काही पुरावा नाई का?"

पुंजाजीचा हात दोरीवर थांबला. तो उठला अन् अनवाणीच समोरच्या दुकानात गेला. लोड जागेवर होता. बारा वर्षांत टेकून टेकून मधात खोलगट झाला होता, पण तोंडाची शिवण शाबूत होती.

"सादिकभाई," तो म्हणाला, "लोड देता का? अन् तुमीबी चाला. अन् भाभी, तुमीबी."

नागपूरच्या गाडीत सादिकभाई खिडकीशी, भाभी मधात, अन् पुंजाजी कडेले लोड मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, "हे वर ठेवा, भाऊ." पुंजाजी म्हणाला, "वर नाई ठेवता येत. याच्या पोटात माया पोराची इज्जत हाये." कंडक्टरनं एक डाव लोडाकडं पाह्यलं, एक डाव याच्याकडं, अन् पुढं निघून गेला.

  अमरावती सोडल्यावर सरवरीभाभी म्हणाली, "पुंजाभाऊ, मी पैज तुमच्यासंग लावली होती. पोरगा डावावर नव्हता लावला."

"नाई, भाभी."

"बस. एवढंच."

साहेब चष्मेवाला, कडक इस्त्रीचा, बोलणं पुस्तकातलं. टेबलाच्या एका बाजूले मुबश्शिर बसला होता. आई-बाप लोड घेऊन आत येताना पाहून तो उठून उभा राह्यला, अन् साहेबानं हातानं खाली बसवलं.

"तुम्ही म्हणता ही गंमत होती," साहेब म्हणाला. "पैज किती रकमेची?"

"रक्कम नाई, साहेब. कोट हाये."

"काय?"

"अंपायरचा कोट. मी हारलो त घालून यस्टी स्टँडवर उभा राहनार."

साहेबानं पेन खाली ठेवला. "तुम्ही माझी चेष्टा करताय?"

"उभ्या जन्मात पहिल्यांदाच करून नाई राह्यलो," पुंजाजी म्हणाला. "सारं या लोडात लिहून हाये."

साहेबाच्या परवानगीनं सरवरीभाभीनं पिशवीतून कात्री काढली. पण कापायच्या आधी सादिकभाई पुढं झाला. 

"साहेब, तुमी म्हनान, हे कालच लिहून आत टाकलं. म्हनून पहिले शिवन पाहा. हा दोरा आता बजारात भेटत नाई, सात-आठ वर्षं झाले बंद होऊन. अन् दोऱ्याच्या खाली कापडाचा रंग पाहा. वरचं उडालं, खालचं जसंच्या तसं. शिवन उसवून परत घातली असती त दोन रंग जुळले नसते."

साहेबानं वाकून पाह्यलं. चष्मा काढून पाह्यलं. मंग मान हलवली, अन् भाभीनं शिवण कापली.

"आता कापूस," सादिकभाई म्हणाला. त्यानं आत हात घालून मूठ काढली. पिवळसर, घट्ट, पोळीवाणी थर बसलेला. "बारा वर्षं मानसाईनं टेकलं की असा होते. हा थर मले एका दिवसात करता येत नाई. कोनालेच येत नाई."

टेबलावर, फायलींवर, साहेबाच्या बाहीवर कापूस उडाला. तिसऱ्या थराच्या मधात तो तुकडा होता. निळी शाई जांभळी झाली होती, पण अक्षर न् अक्षर वाचता ये. साहेबानं एकदा वाचलं. परत वाचलं. "ज्या यस्टीचं चाक फलाटाची रेघ ओलांडील" इथं आला तवा त्याचं बोट थांबलं अन् तो खिडकीकडं तोंड करून उभा राह्यला. खांदे हलून राह्यले होते. वळला तवा चेहरा परत इस्त्रीचा.

"ही पैज आज, इथं संपली पाहिजे. खेळाडू खेळत असताना त्याच्यावर कसलीच पैज चालणार नाही. कोट असो की काही असो. हार लिहून द्या."

पुंजाजीच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "पन साहेब, एक मॅच बाकी हाये."

भाभीनं त्याच्याकडं पाह्यलं.

पुंजाजीनं पेन घेतला अन् लिहिलं, 'मी हारलो. पुंजाजी मंडपवाले.' खाली तारीख. मंग परत पेन मागून घेतला अन् आणखी एक ओळ टाकली: 'आठ वर्षाच्या पोराले दिलेले सारे नो-बॉल खोटे होते.' साहेबाले ती ओळ कशाची ते समजलं नाही. मुबश्शिरले समजली. त्यानं टेबलावरचा कापूस गोळा करता करता मान खाली घातली.

"तुम्ही खेळू शकता," साहेब त्याले म्हणाला. "माझी खात्री झाली. पण बाहेर लाखभर लोकांनी तो व्हिडिओ पाहिलाय. त्यांना हा लोड दाखवता येणार नाही."

म्हणजे काय ते सगळ्याले कळलं. बारा वर्षांत पाय घसरला असता त घसरला असता, कोणी पाह्यलं नसतं. आता या चार दिवसांत बोटभर जरी पुढं गेला, तरी कोणी घसरला म्हणणार नव्हतं.

नागपूरच्या मोठ्या स्टेडियममध्ये चार दिवस पुंजाजी अन् सादिकभाई एकामेकाच्या बाजूले बसले, अगदी रेघेच्या सरळीत, त्याईच्या मागं भाभी. मुक्काम पुंजाजीच्या नागपुरातल्या बहिणीकडं. खर्ऱ्याची पुडी पुंजाजीच्या खिशात चार दिवस तशीच बंद राह्यली.

मुबश्शिरची पहिली ओव्हर. चार पावलं, पाय टेकला, बॉल सुटला, टुणकन बाजूले उडी. सादिकभाईनं पुंजाजीचा हात दाबला. पाय रेघेच्या चांगला वीतभर मागं पडला होता.

वीतभर मागून टाकलं की बॉल वीतभर आधी टप्पा घेते. बॅट्समनले वेळ भेटते. दुसऱ्या ओव्हरमध्ये दोन चौके बसले. कॅप्टन जवळ गेला, हातानं सांगितलं, पुढं ये. मुबश्शिरनं मान हलवली. काय म्हणाला ते मंग त्यानंच घरी सांगितलं: "आज इथूनच टाकू दे. मी करतो काहीतरी."

अन् त्यानं केलं. बॉल वर टाकू लागला. आणखी वर, कापसाच्या ढिगावरून टाकल्यावाणी. बॅट्समनले वाटे, आला आला, अन् बॉल हवेतच बसे. चौतीसाव्या वर्षी, दुखऱ्या खांद्यानं, शेवटच्या मॅचमध्ये त्या माणसानं आपली अख्खी बॉलिंग वीतभर मागं सरकवली अन् नव्यानं शिकून घेतली. दुपारपर्यंत तीन विकेट. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पुंजाजीनं जत्रा पाह्यल्या, पुढारी पाह्यले, मांडवात नाचणारे नवरदेव पाह्यले. पण असं त्यानं कधी पाह्यलं नव्हतं. 

तिसऱ्या दिवशी घात झालाच होता. बॉलरच्या पायानं पडलेल्या खड्ड्यात बुटाचं टोक अडकलं, पाय सरकला, सरकत रेघेकडं गेला. हात वर गेलता. पुंजाजी बसल्या जागी अर्धा उठला. अन् मुबश्शिरनं बॉल सोडलाच नाही. हात फिरून खाली आला, बॉल मुठीत. तोल गेला, गुडघ्यावर पडला, पण बॉल मुठीतच. अंपायरनं बॅट्समनले हात दाखवला, थांब, बॉल मोजायचा नाही. मुबश्शिर उठला, खड्ड्यात बुटानं माती दाबली, मागं गेला अन् परत चार पावलं.

"हे त्याले कोनी शिकवलं?" पुंजाजीनं हळूच विचारलं.

"तुमी," सादिकभाई म्हणाला. "आठ वर्षाचा होता तवा. ज्या बॉलची शंका वाटीन तो टाकायचाच नाई, पुंजाकाका बसला हाये, म्हने."

दोन्ही डाव मिळून एकसष्ट ओव्हर. सहा विकेट. नो-बॉल झिरो. शेवटचा बॉल टाकून तो बाजूले उडाला, अन् टीमनं त्याले खांद्यावर घेतलं तवा त्याचे पाय जमिनीपासून उचलले गेले तिथं पिचवर रेघ जशीच्या तशी पांढरी होती.

मॅच संपून तिसऱ्या दिवशी, बजाराचा दिवस पाहून, पुंजाजीनं सकाळी आठ वाजता कारंजाच्या स्टँडवर आपली हार चुकती केली. कोट सरवरीभाभीनं सोता शिवला होता, गादीच्या पांढऱ्या कापडाचा, गुडघ्यापर्यंत. डोक्यावर पंचफुलाची उन्हाची टोपी. गळ्यात माईक, कारण पैजेत लाऊडस्पीकर नसला तरी पुंजाजीले त्याच्याबिगर जमत नसे. फलाट एकच्या बाकावर भाभी, सादिकभाई अन् पंचफुला. साक्षीदार दौलतसिंग पाण्याची बाटली घेऊन. बाकी बजाराले आलेलं अर्धं गाव.

वाशीमची गाडी आली, चाक रेघेच्या हातभर पुढं. पुंजाजीचा हात आडवा. "नो-बॉल." मूर्तिजापूरची गाडी. "नो-बॉल." मंगरुळपीरच्या डायव्हरनं काच खाली करून विचारलं, "का झालं बे?" लोकाईनं सांगितलं. त्यानं गाडी मागं घेऊन परत लावली, परत पुढं गेली. "फिरून नो-बॉल," पुंजाजीनं माईकवर सांगितलं, अन् डायव्हर सोताच हसून मान हलवत चहा प्यायले गेला. दुपारपर्यंत एकवीस गाड्या, एकवीस नो-बॉल, अन् एकबी खोटा नाही. प्रत्येक डाव तो उकिडवा बसून चाक पाहे, मंगच हात काढे. खांदा भरून आला होता.

अडीच वाजता नागपूरची गाडी फाटकातून आत वळली. हळू. एवढी हळू की लोकं बोलायचे थांबले. डायव्हरच्या बाजूच्या सीटवर कोणीतरी बसून हातानं सांगत होतं, थोडं, आणखी थोडं, बस. गाडी थांबली.

पुंजाजी रेघेपाशी गेला. कोट वर खोचला, उकिडवा बसला. चाक अन् रेघेच्या मधात हात ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, पूर्ण वीत.

गाडीतून मुबश्शिर उतरला. खांद्यावर किटची बॅग, पायात एक नंबर मोठा बूट. तो पुंजाजीच्या बाजूले उकिडवा बसला, जसा आठ वर्षाचा असताना बसे.

"काका, ठसा कुठं हाये?"

पुंजाजीनं माईक तोंडाजवळ नेला. त्याच्यावर दोन टिचक्या मारल्या. मंग तो म्हणाला, "अलीकडं. बॉल बरोबर हाये." अन् थांबून, कोणी सांगितलं नसताना, "उस्ताद. उस्ताद. उस्ताद."

"पुंजाभाऊ," बाकावरून सरवरीभाभी म्हणाली, "पैज दिवसभराची हाये. अजून दिवस मावळला नाई."

मागून दारव्ह्याची गाडी धूळ उडवत आली अन् रेघ ओलांडून थांबली. पुंजाजी गुडघ्यावर हात टेकून उठला अन् भरून आलेला हात आडवा केला.

"कोपर सरळ ठेवा, काका," मुबश्शिर म्हणाला, अन् पाण्याची बाटली उघडून वेळेवर त्याच्या हातात दिली.